भाऊने न घेतलेली उशी

जळगावहून धुळ्याला निघाले होते, भाऊला भेटायलाच. बस पारोळ्याच्या अलीकडे असताना वहिनीचा फोन आला. "बेबीताई, आता घाई करू नका," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हणाले आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, धुळ्याला कोण असतं तुमचं? मी म्हणाले, भाऊ. आणि मग धुळं येईपर्यंत मी त्या अनोळखी बाईला भाऊविषयीच सांगत राहिले. तो वायुसेनेत होता, अंतराळात जाणाऱ्या माणसांची जमिनीवर तयारी करून घेतात तिथे होता, फार हसवतो, फार हट्टी आहे... तो गेला हे मात्र सांगितलं नाही. ती बाई उतरताना म्हणाली, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. सांगते म्हणाले.

याला आता दीड महिना होत आला. मधल्या काळात इथल्या एका पेपरात त्याच्यावर चार ओळी छापून आल्या, अंतराळवीरांना घडवणारा खान्देशपुत्र वगैरे. भाऊने वाचलं असतं तर पेपरवाल्याला फोन लावून त्याची खरडपट्टी काढली असती. मी कोणाला घडवलं नाही, मी झोपलो, असं तो म्हणायचा. लोकांना ती थट्टा वाटायची. पण ते अक्षरशः खरं होतं, आणि तेच कोणीतरी नीट सांगायला हवं म्हणून मी हे लिहायला बसले आहे. उभा जन्म शाळेत मुलांचे निबंध तपासण्यात गेला, त्यामुळे हात थोडा सैल सुटला तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघं भावंडं. सगळ्यात मोठी अक्का, मग भाऊ, मग मी. नरडाण्याच्या बाजूला आमचं गाव, घरची कपाशी. अक्काला शेजारच्याच गावात दिलेलं, तिच्याकडेही कपाशीच. भाऊ बारावीनंतर वायुसेनेत वैद्यकीय सहायक म्हणून लागला. देशभर बदल्या झाल्या आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, माणसाचं शरीर उंचावर आणि अवकाशात काय काय सोसतं याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, तो जाऊन पोहोचला. तिथे एक भलंमोठं फिरतं यंत्र होतं. लांबलचक लोखंडी हात, त्याच्या टोकाला एक खोपटं, खोपट्यात माणूस. यंत्र गरगर फिरायला लागलं की त्या माणसाचं वजन वाढत जातं. भाऊ सांगायचा, आधी वाटतं मांडीवर कोणी बसलंय, मग छातीवर बसलंय, मग गालांची कातडी कानाकडे सरकते आणि श्वास पोटाने ओढावा लागतो. रॉकेट वर जाताना असंच होतं, म्हणून ते आधी इथे जमिनीवर सोसून बघायचं. माणसाच्या हातात एक बटण दिलेलं असतं, ते दाबून धरायचं. असह्य झालं, शुद्ध हरपली, की बोट सुटतं आणि यंत्र थांबतं. मी विचारलं होतं, बटण सोडावंसं नाही वाटत? तो म्हणाला, दर क्षणाला वाटतं, आणि ते न सोडणं हाच अर्धा अभ्यास आहे. मी आपली तोंडाला पदर लावून ऐकत राहिले.

दुसरी एक फिरती खुर्ची होती. डोळ्यांवर पट्टी, खुर्ची गोल फिरतेय आणि माणसाने मान एकदा या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे करायची. धडधाकट जवान पठ्ठे बादलीत तोंड खुपसून बसायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि एक दिवस त्यांचं डोकं ते फिरणं मुकाट मान्य करायचं. पाण्याच्या हौदात उतरवून बिनवजनाची सवय, समुद्रात उतरावं लागलं तर बाहेर पडायची सवय, बंद खोलीत त्याच त्या चार तोंडांबरोबर राहून न भांडायची सवय. ही शेवटची सर्वांत अवघड, असं वहिनीकडे बघत भाऊ म्हणायचा. मी त्याला म्हणायचे, एवढं सगळं करून माणूस वर किती दिवस राहणार? तो म्हणायचा, थोडेच. त्या थोड्या दिवसांसाठी माणसं अशी वर्षानुवर्षं खाली तयारी करतात, हे ऐकून मला दरवेळी हात जोडावेसे वाटायचे.

पण वर वजनच नसलं की शरीराचं काय होतं, हे जमिनीवर कसं कळणार? त्याला एक उपाय आहे, आणि तो ऐकून कोणीही हसेल. माणसाला खाटेवर झोपवायचं. पायांकडची बाजू उंच, डोक्याकडची खाली, बिनउशीचं. असे कितीतरी आठवडे. जेवण झोपून, आंघोळ झोपून, सगळं झोपून. रक्त डोक्याकडे सरकतं, तोंड सुजतं, नाक चोंदतं, पाठ धरते, पायांच्या पोटऱ्या वाळत जातात, हाडं कमकुवत होतात. वर गेलेल्या माणसाचं साधारण असंच होतं. मग अशा निजलेल्या माणसांना तपासून तपासून डॉक्टर ठरवतात, की वर जाणाऱ्याने काय खावं, कोणता व्यायाम करावा, खाली आल्यावर त्याला उभं कसं करावं. यासाठी निरोगी माणसं लागतात, आपणहून तयार होणारी. भाऊने हात वर केला. चाळिशी उलटलेली, पण अंगाने काटक. सगळ्या तपासण्यांत पास झाला.

आता आमच्याकडे दिवसाढवळ्या खाटेवर पडलेला माणूस म्हणजे आजारी माणूस, दुसरा प्रकार नाही. वहिनीने अक्काला फोनवर हजारदा सांगितलं, की त्यांना काही झालेलं नाही, ती ड्युटी आहे. अक्काने ते एका कानाने ऐकलं. गावात बातमी फुटली ती भाऊला लकवा झाल्याची. लोक अक्काच्या दारी विचारपूस करायला येऊ लागले. कोणी अंगारा दिला, कोणी मालिशवाल्याचा पत्ता दिला. मग एकदा वहिनीने व्हिडिओ कॉलवर भाऊ दाखवला. सुजलेलं तोंड, लाल डोळे, पाय वर, डोकं खाली... अक्काने बाकी काहीच बघितलं नाही. तिने एकच बघितलं, की भावाच्या डोक्याखाली उशी नाही. "इतली मोठी जागा, आनि उशी नही शे?" असं ती मला म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्या वर्षी घरात ठेवलेला कापूस तिने स्वतःच्या हाताने वेचून सरकी काढून साफ केला. गादीवाल्याकडे दिला नाही. पिंजलाही घरीच, बोटांनी. जुन्या मऊ लुगड्याची खोळ शिवली आणि उशी कुशीत घेऊन ती मला म्हणाली, चल. अक्काच्या नाकावर राग आणि पायाला भिंगरी, तिला नाही म्हणायची माझी काय टाप? दोन गाड्या बदलून आम्ही पोहोचलो. भेटीची ठरलेली वेळ होती. आत जाण्याआधी एका मुलीने समजावून सांगितलं, लांब खुर्चीवर बसा, बोला, पण त्यांना उठवू नका, काही देऊ नका. अक्काने मान डोलावली. तिच्या मते हे सगळं परक्यांसाठी असतं, बहिणीसाठी नसतं.

आत गेलो. भाऊ आम्हाला बघून हसला, आडवा पडून हसणारा माणूस विचित्र दिसतो. त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून एक तरुण अधिकारी बसला होता. वर जाण्यासाठी तयार होणाऱ्यांपैकी तो एक, त्याचं नाव मी लिहीत नाही. खुर्ची असताना जमिनीवर का, तर भाऊच्या डोळ्यांना डोळे भिडावेत म्हणून. आम्ही आल्यावर तो उठला, भाऊच्या उघड्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि गेला. हुद्द्याने किती वरचा माणूस... माझ्या अंगावर काटा आला. मी त्या दाराकडे बघत उभी होते, तेवढ्यात अक्का खुर्ची ओलांडून खाटेपाशी पोहोचलीसुद्धा. तिने एका हाताने भाऊची मान उचलली, चांगली अर्धं बसवल्यागत उचलली, आणि दुसऱ्या हाताने उशी खाली सारली. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर झालं.

भाऊ ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा अक्कावर ओरडला. "काढ ती! काढ आधी, आणि जा!" नर्स धावत आली, डॉक्टर आले. उशी जमिनीवर पडली होती. अक्काने ती उचलली, झटकली, कुशीत घेतली आणि बाहेर गेली. मी भाऊला म्हणाले, अरे, जरा दमाने बोलायचं, किती लांबून आली ती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डोकं खाली असल्याने ते गालांवरून न जाता कपाळावर चाललं होतं. तो म्हणाला, "बेबी, माझ्या खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून तो पोरगा वर जाईल. मग?"

परतीच्या सबंध प्रवासात अक्का उशी मांडीवर घेऊन बसली होती, पण तिच्यावर डोकं टेकवून झोपली नाही. त्यानंतर तिने भाऊचं नाव घेणंच टाकलं. आमचे आई-बाबा गेलेले, त्यामुळे भाऊचं घर हेच आमचं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात. खान्देशातल्या बाईला दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी चुकलेली चालत नाही. भाऊ तेव्हा नोकरीवर असला तरी आखाजीला रजा काढून धुळ्याच्या घरी यायचा, अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधायचा. त्या वर्षी झोका बांधला, सांजोऱ्या झाल्या, अक्का आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. वहिनी म्हणायची, जाऊ द्या, येतील. भाऊ झोक्याच्या दोरीची गाठ उगाच ओढून बघायचा. त्याचा जीव झुरत होता हे मला दिसत होतं. साठीला टेकलेल्या बाईला माहेर तुटणं काय असतं, हे बाईलाच विचारावं.

तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, मीच जातो मुराळी बनून. लेकीबाळींना आणायला तरण्या भावाने जायचं असतं, हा पन्नाशीला आलेला, पण निघाला. मला बरोबर घेतलं. अक्का ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मला पाणी दिलं, त्यालाही दिलं, पण तांब्या त्याच्या हातात न देता खाली ठेवला. "माले नही येवानं," म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं. भाऊ पाणी प्याला आणि गोठ्याच्या कडेला विटा पडल्या होत्या तिकडे गेला. विटा आणल्या, ओसरीवरच्या लाकडी खाटेच्या पायथ्याकडच्या पायांखाली दोन-दोन घातल्या, वरची गोधडी काढली, उशी बाजूला केली आणि म्हणाला, अक्का, इथे झोप. अक्का म्हणाली, हाई बठ्ठं नाटक शे. तो म्हणाला, नाटक तर नाटक, झोप. आणि अक्काचं कसं आहे, तिला कोणी म्हटलं की तुझ्याने होणार नाही, की ती करणार. पदर खोचून झोपली.

पहिल्यांदा तोंड सोडून बोलत होती. भाऊला, वहिनीला, मला, कोणालाच सोडलं नाही. मग हळूहळू आवाज नाकातून यायला लागला. मग म्हणाली, डोकं जड झालं. पाणी मागितलं, तर भाऊने नळी लावून दिलं, मान उचलू दिली नाही. पाठीला रग लागली, तर म्हणाला, कूस बदल, पण डोकं उचलायचं नाही. दुपार कलली. अक्का हट्टाने पडून होती, तोंड लालबुंद. शेवटी तिला परसाकडे जावंसं वाटलं. भाऊ शांतपणे म्हणाला, तेसुद्धा झोपूनच. तेव्हा अक्का ताडकन उठली, झोक गेला म्हणून खांबाला धरलं आणि म्हणाली, तूच कर रे बाबा. मला हसू आवरेना, भाऊही हसला, पण ती हसली नाही. परतून आली ती खाटेकडे बघत उभी राहिली. असे किती आठवडे, तिने विचारलं. आणि माझ्या तोंडून गेलं. मी म्हणाले, एकदा नाही गं, दोनदा. तुझ्या उशीने डोकं उचललं गेलं, हे ह्याने स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगितलं, माझे आकडे धरू नका म्हणाला. पुढच्या तुकडीत पुन्हा पहिल्यापासून झोपला. पोटऱ्या पुन्हा वाळवल्या, उभं राहायला पुन्हा शिकला. तुला सांगायचं नाही अशी वहिनीला आणि मला शपथ घातली होती.

भाऊने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. अक्का मात्र त्याच्याकडेच बघत होती. "मन्ही उशीमुये तू परत झोपना?" तिने विचारलं. भाऊ म्हणाला, "तुन्हामुये नही अक्का. उशीमुये." ती आत गेली. मला वाटलं आता काही ही बाहेर येत नाही. पण आली, अंगावर बाहेर जायचं लुगडं आणि कुशीत ती उशी. भाऊसमोर धरली, म्हणाली आता तरी घे. भाऊने उशीवरून हात फिरवला, कापसाची गुठळी कुठे लागते का ते बघितल्यासारखा, आणि परत केली. तो म्हणाला, "आता नको. ज्याच्यासाठी मी झोपलो तो माणूस वर जाऊन धड खाली उतरू दे. त्या दिवशी या उशीवर डोकं ठेवून झोपतो, तू उठवेपर्यंत उठत नाही." अक्का म्हणाली, शब्द? तो म्हणाला, शब्द. त्या वर्षी तिने झोक्यावर बसून अशी गाणी म्हटली की शेजारच्या बायका अंगणात येऊन बसल्या.

तेव्हापासून अक्का भाऊकडे येताना उशी आणायची आणि जाताना न्यायची. जिला वर जायची गरजच काय असा प्रश्न पडायचा, ती आता टीव्हीवर रॉकेटची बातमी आली की सगळ्यांना गप्प बसवायची. माणूस बसला का, एवढं विचारायची. नाही, यात नुसती यंत्रं आहेत, असं सांगितलं की पुन्हा कामाला लागायची.

भाऊ निवृत्त होऊन धुळ्यात देवपुरातल्या घरी आला आणि दीड-दोन वर्षांत त्याला स्वादुपिंडाचा आजार निघाला. लोक म्हणाले, त्या झोपण्यानेच झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काही संबंध नाही. तरी लोक म्हणतच राहिले, आणि दुखण्यापेक्षा भाऊला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. शेवटी शेवटी तो खरोखरच अंथरुणाला खिळला. त्याला झोपून घास कसा गिळायचा, कूस कशी बदलायची, अंग कसं पुसून घ्यायचं, सगळं येत होतं. वहिनीला तोच शिकवायचा. इतका क्षीण झाला तरी पायांचे पंजे मागेपुढे करत राहायचा. मी म्हणाले, आता कशाला रे? म्हणाला, पोटऱ्या वाळतात. मी तोंड फिरवून बाहेर गेले, आणि अंगणात उभी राहून रडले.

अक्का दर आठवड्याला यायची, उशी काखोटीला. दवाखान्याने दिलेल्या दोन उशा त्याच्या डोक्याखाली असायच्या, त्यांचं त्याला काही नव्हतं. पण अक्काने आपली पुढे केली की तो डोळ्यांनीच नाही म्हणायचा. एकदा तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, तू खोटं सांग त्याला. सांग, गेला तो माणूस आणि उतरला. याला कोण टीव्ही दाखवतंय आता. मी आत गेले. त्याच्याजवळ बसले. त्याने विचारलं, अक्काने पाठवलं ना? मी हो म्हणाले. तो म्हणाला, "तिला सांग, मी वाट बघतोय." बस. मी तशीच बाहेर आले. अक्काने पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या दिवशी बसमधून उतरून मी पोहोचले तेव्हा त्याला जमिनीवर घेतलं होतं. उशाशी वहिनी, आणि पायांशी अक्का, उशी छातीशी धरून. शेजारपाजारच्या कोणीतरी म्हटलं, घाला ती आता त्यांच्या डोक्याखाली, एवढी हौसेने आणता. मलाही तेच वाटलं. निदान आता तरी... मी हात पुढे केला. अक्काने उशी मागे घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तो मानूस आजून वर गया नही," ती म्हणाली. खोलीतल्या बाकी लोकांना काही कळलं नाही. भाऊ उशीशिवाय गेला.

परवा अक्काकडे जाऊन आले. ओसरीवरची ती खाट अजून तशीच आहे. पायथ्याखाली दोन-दोन विटा, डोक्याकडची बाजू खाली. त्या दुपारनंतर तिने त्या विटा कोणाला काढू दिल्या नाहीत. घरात पाहुणे दाटले, लग्नाची गर्दी झाली, तरी त्या खाटेवर कोणी झोपत नाही. गोधडी नाही, चादर नाही, फक्त डोक्याकडे ती उशी, खोळ नुकती धुतलेली. मी बसले होते तोवर ऊन ओसरीवर आलं, तशी अक्का उठली आणि उशीची दुसरी बाजू उन्हाकडे केली. मी म्हणाले, अक्का, किती दिवस अशी ऊन दाखवत बसशील? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो मानूस खाले उतरना का माले सांगजो." मी म्हणाले, सांगेन, पण मग काय करशील? तिने उशीवर तळवा ठेवला, कापूस दबला आणि परत वर आला.

"मंग भाऊले देसू," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.